बारा लाखांपर्यंत शून्य कर: कलम ८७-एचं रिबेट प्रत्यक्ष पदरात कसं पाडून घ्यायचं

२०२५च्या अर्थसंकल्पानंतर ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं की बऱ्याच जणांनी त्यापुढचं काही वाचलंच नाही. कुणी रिटर्नच भरलं नाही आणि कापलेला टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापून घेतलेला कर) सरकारकडेच राहिला. कुणाचा पगार बारा लाख पंचाहत्तर हजारांच्या आत होता, पण एफडीचं व्याज धरल्यावर रेषा ओलांडली गेली. कुणी शेअर विकून चार पैसे कमावले आणि ‘बाराच्या आतच आहे की’ म्हणून निर्धास्त राहिला. मग आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या केंद्राकडून कर मागणीची नोटीस आली.

या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच बाब आहे. बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न कायद्याने करमुक्त केलेलं नाही. त्यावर कर आकारला जातो आणि मग कलम ८७-एखाली तेवढीच रक्कम वजा होते. ही वजाबाकी रिटर्नमध्ये होते, तिला अटी आहेत आणि कमाल मर्यादाही आहे. म्हणून ती पायरी-पायरीने समजून घेतलेली बरी.

इथे सगळा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६च्या उत्पन्नाचा, म्हणजे आकारणी वर्ष २०२६-२७च्या रिटर्नचा आहे. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. तरी ३१ मार्च २०२६पर्यंत मिळवलेल्या उत्पन्नाला १९६१चाच कायदा लागतो. कलमांचे आकडे बघून गोंधळू नका.

आधी यंत्रणा कशी चालते ते

आयकर मोजायच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत; बारा लाखांची गोष्ट नवीतली. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर मधल्या चार लाखांचे २० हजार आणि पुढच्या चार लाखांचे ४० हजार, असा ६० हजार कर होतो. ८७-एचं रिबेटही जास्तीत जास्त ६० हजारच आहे. दोन्ही आकडे जुळतात म्हणून कर शून्य. पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे त्याच्यासाठी ही रेषा पगाराच्या १२ लाख ७५ हजारांवर येते.

हे रिबेट फक्त भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला मिळतं. हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही, भागीदारी फर्मला नाही आणि अनिवासी भारतीयालाही नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाचा ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला असेल, तर त्या भाड्यावर त्याला ४ लाखांची मूळ सूट मिळेल, पण ८७-ए मिळणार नाही. घरच्यांनी त्याचं रिटर्न ‘बाराच्या आत, म्हणजे शून्य’ असं समजून भरू नये.

पायरी १: ‘एकूण उत्पन्न’ नीट मोजा

बारा लाखांची कसोटी पगारावर नाही, वजावटीनंतरच्या एकूण उत्पन्नावर लागते. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

पगार: फॉर्म १६चा भाग ‘ब’ घ्या. त्यात एकूण पगार आणि स्टँडर्ड डिडक्शन दिसतं. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो (फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे, तो हाच). त्याची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे, नव्या प्रणालीत तो धरू नका. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ घ्या. दोन्ही ठिकाणी ७५ हजार वजा केलेले असतात आणि दोन्हीकडे स्लॅबही पहिल्यापासून मोजलेले असतात. रिटर्नमध्ये मात्र ही वजावट एकदाच मिळते, आणि जुलैत अनपेक्षित कर निघतो.

निवृत्तांचं पेन्शन पगारातच मोडतं, त्यावर ७५ हजार मिळतात. पती किंवा पत्नीच्या निधनानंतर मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ आहे. त्यावर नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५ हजार, यांपैकी कमी असेल ती वजावट मिळते.

व्याज: बचत खात्याचं दहा हजारांपर्यंतचं व्याज सोडून द्यायची सवय जुन्या प्रणालीतल्या ८०टीटीएमुळे लागली आहे. नव्या प्रणालीत ती वजावट नाही. चार खात्यांत मिळून आठ हजार व्याज आलं असेल तर आठही हजार उत्पन्नात येतात. पाच वर्षांची एफडी असेल आणि पैसे मुदत संपल्यावरच हातात येणार असतील, तरी बँक दर वर्षीचं व्याज जमा दाखवते, त्यावर टीडीएस कापते आणि ते तुमच्या एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतं. ते त्या-त्या वर्षी दाखवलेलं बरं. पाच वर्षांचं एकदम दाखवलंत तर एकाच वर्षात बारा लाखांची रेषा ओलांडली जाऊ शकते. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे, ते मोजायचं नाही.

बायकोच्या नावावरची एफडी: ‘बायकोला वेगळे बारा लाख आहेत ना, मग तिच्या नावावर टाकू’ हा सल्ला प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी देतोच. नवऱ्याने दिलेल्या पैशांवर तिला मिळालेलं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. सुनेच्या नावावर ठेवलेल्या पैशांनाही हाच नियम आहे. तिची स्वतःची कमाई किंवा माहेरून मिळालेली रक्कम असेल तर प्रश्न नाही.

घरभाडं: मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा करा. उरलेल्या रकमेतून ३० टक्के वजा होतात. त्या भाड्याच्या घरावर कर्ज असेल तर व्याजही वजा होतं. पण नव्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. स्वतः राहत्या घराच्या कर्जाचं व्याज तर नव्या प्रणालीत मोजलंच जात नाही.

शेती: गावाकडे शेती असलेल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, बँक कर्मचाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि ते बारा लाखांत मोजलं जात नाही. पण ते पाच हजारांपेक्षा जास्त असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते जमेस धरलं जातं. समजा स्टँडर्ड डिडक्शननंतर पगाराचं उत्पन्न १२ लाख आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न २ लाख. १४ लाखांवरचा कर ९० हजार. त्यातून ६ लाखांवरचा (मूळ सूट ४ लाख अधिक शेतीचे २ लाख) १० हजार कर वजा केला की ८० हजार उरतात. रिबेट जास्तीत जास्त ६० हजारच, म्हणून २० हजार कर आणि त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) ८०० रुपये द्यावे लागतात. ‘बारा लाखांच्या आत असून कर कसा?’ याचं उत्तर कित्येकदा सातबाऱ्यावर सापडतं. आणि पाच हजारांपेक्षा जास्त शेती उत्पन्न असेल तर रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

पायरी २: रेषा थोडी ओलांडली असेल तर मार्जिनल रिलीफ

उत्पन्न १२ लाखांवर एक रुपया गेला म्हणून एकदम ६० हजार कर द्यावा लागत नाही. बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम असेल, त्यापेक्षा जास्त आयकर घेतला जात नाही. यालाच मार्जिनल रिलीफ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. पगार १२,७५,००० आणि बँकेचं व्याज १८,०००. एकूण उत्पन्न १२,१८,०००. स्लॅबप्रमाणे कर ६२,७००. पण बाराच्या वर फक्त १८ हजार आहेत, म्हणून कर १८ हजारांवर थांबतो. वर सेस ७२०. एकूण १८,७२०. म्हणजे व्याज १८ हजार मिळालं आणि कर त्याहून ७२० रुपये जास्त गेला. सेस या मर्यादेत धरलेला नाही, त्यामुळे या पट्ट्यात वरच्या कमाईतलं काहीच हाती राहत नाही. कायदा करणाऱ्यांनी एवढा विचार करायला हरकत नव्हती, पण सध्या नियम असा आहे.

हा पट्टा एकूण उत्पन्न सुमारे १२ लाख ७० हजार ५८८ होईपर्यंत चालतो. त्यापुढे स्लॅबचा करच बाराच्या वरच्या रकमेपेक्षा कमी होतो आणि रिलीफ संपतं. पगारदाराच्या भाषेत सांगायचं तर, फक्त पगारच उत्पन्न असेल तर वार्षिक पगार पावणेतेरा लाख ते साधारण साडेतेरा लाखांच्या किंचित खाली असलेल्यांनी आपला हिशेब बारकाईने बघावा.

इथे एक कायदेशीर आणि सोपा उपाय आहे. मालकाने तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. पगार साडेतेरा लाखांच्या आसपास असेल तर वर्षाच्या सुरुवातीला एचआरला विचारा की सीटीसीतला काही भाग तिकडे वळवता येईल का. मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. आणि ते पैसे बरीच वर्षं बहुतांशी अडकून राहतात, हे घरात आधी बोलून घ्या. मुलीचं लग्न दोन वर्षांवर असेल तर एवढ्यासाठी हा घाट घालू नये, असं माझं मत आहे.

जुन्या प्रणालीत मार्जिनल रिलीफ नाही. तिथे ५ लाखांपर्यंत १२,५०० रिबेट आहे, आणि पाच लाखांच्या वर दहा रुपये गेले तरी सगळा कर अंगावर येतो.

पायरी ३: शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नफा वेगळा काढा

ज्या उत्पन्नावर कायद्याने विशेष दर ठरवला आहे, त्या करातून नव्या प्रणालीत रिबेट वजा होत नाही. शेअर किंवा इक्विटी फंड एका वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकून झालेल्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

समजा पगाराचं उत्पन्न स्टँडर्ड डिडक्शननंतर ११ लाख आहे आणि अल्पकालीन नफा ५० हजार. एकूण साडेअकरा लाख, बाराच्या आत. पगारावरचा ५० हजार कर रिबेटने शून्य होतो. पण नफ्यावरचा १० हजार कर तसाच राहतो, सेस धरून १०,४००. आणि नफा धरून एकूण उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं, तर पगारावरच्या करातल्या रिबेटलाही धक्का बसतो. म्हणून मार्चमध्ये शेअर विकायचे की एप्रिलमध्ये, हा प्रश्न पगारदारासाठी पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

२०२४च्या रिटर्नांच्या वेळी याच मुद्द्यावर बराच गदारोळ झाला. जुलै २०२४मध्ये सरकारी सॉफ्टवेअरने अशा नफ्यावरचं रिबेट घेऊ देणंच बंद केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर उशिराच्या व सुधारित रिटर्नांची मुदत १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढवावी लागली. २०२५-२६च्या उत्पन्नासाठी मात्र कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे, त्यामुळे ‘गेल्या वर्षी मित्राला मिळालं होतं’ हा युक्तिवाद आता चालणार नाही.

उलट बाजूही सांगतो. घरातल्या कुणाचं दुसरं उत्पन्न जवळपास नाहीच आणि फक्त शेअरचा अल्पकालीन नफा तीन लाख आहे, असं असेल तर निवासी व्यक्तीला ४ लाखांची मूळ सूट त्या नफ्याविरुद्ध वापरता येते. तिथे कर लागत नाही. तो रिबेटचा भाग नाही, मूळ सूट मर्यादेचा आहे.

पायरी ४: जुनी प्रणाली की नवी

उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर यावर वेळ घालवू नका, नवी घ्या. ती आपोआप लागू असते; रिटर्नमध्ये ‘नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं एवढंच.

पगार पंधरा लाख असेल तर? नव्या प्रणालीत १४,२५,०००वर ९३,७५० कर आणि सेस मिळून ९७,५०० होतात. जुन्या प्रणालीत कर एवढाच यायचा असेल, तर उत्पन्न ९,०६,२५०पर्यंत खाली आणावं लागतं. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनचे ५० हजार आणि व्यवसाय कर धरून जवळजवळ ५ लाख ९४ हजारांच्या वजावटी हव्यात. ८०सीचे दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार आणि घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, एवढं सगळं घेतलं तरी आकडा सव्वाचार लाखांच्या थोडासाच पुढे जातो. वर मोठा घरभाडे भत्ता असेल तरच जुनी प्रणाली पुढे सरते. मुंबईत भत्त्याची मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्के धरली जाते, पुण्यात २०२५-२६साठी ४० टक्के.

जुनी निवडायची असेल तर पगारदाराने मुदतीच्या आत रिटर्न भरलं पाहिजे. उशिरा भरल्यास तो पर्याय जातो. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो आणि पुन्हा-पुन्हा उड्या मारता येत नाहीत.

खोट्या भाडेपावत्या आणि न दिलेल्या देणग्या दाखवून ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारे दलाल प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. जुलै २०२५मध्ये आयकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर मोहीम काढली. त्यांचं कमिशन त्यांच्या खिशात राहतं, नोटीस मात्र तुमच्या पॅनवर येते.

पायरी ५: कापलेला कर जुळवा

रिबेटमुळे कर शून्य झाला म्हणजे आधी कापला गेलेला प्रत्येक रुपया तुमचा आहे. पण तो फक्त रिटर्न भरल्यावरच परत येतो, आणि पोर्टलला तो कापल्याचं दिसत असेल तरच.

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून दोन गोष्टी उतरवून घ्या: फॉर्म २६एएस आणि एआयएस. २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर कुणी किती कर भरला ते असतं. एआयएसमध्ये व्याज, लाभांश, शेअर विक्री, मोठे खर्च असं सगळंच. ही घाई मेमध्ये करू नका. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ १५ जूनपर्यंत मिळतो. जूनचा दुसरा पंधरवडा उजाडला की चित्र पूर्ण होतं.

कापलेली रक्कम २६एएसमध्ये दिसत नसेल तर आधी कापणाऱ्याकडे जा. बहुतेक वेळा पॅनचा एखादा आकडा चुकलेला असतो किंवा त्यांनी विवरणच भरलेलं नसतं. त्यांनी दुरुस्ती विवरण भरलं की ती नोंद तुमच्याकडे येते. ती न दिसता तसंच रिटर्न भरलं तर रिफंड अडकतो.

हा भाग पगारदारापेक्षाही कंत्राटी लोकांना जास्त लागू आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक घ्या. कित्येक संस्था त्यांचं मानधन ‘व्यावसायिक शुल्क’ धरून १० टक्के कापतात. वर्षाला ३ लाख ६० हजार मिळाले तर ३६ हजार गेले. उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्याही खाली आहे, कर शून्य आहे आणि एक महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त रक्कम सरकारकडे पडून आहे. रंगकाम, प्लंबिंगचे ठेके घेणाऱ्याचे १ टक्का कापले जातात. सहा लाखांच्या बिलांवर सहा हजार. रिटर्न ‘श्रीमंतांनी भरायचं’ असा समज असल्यामुळे हे पैसे कुणी मागतच नाही.

एक अडचण आहे. ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून कापलं असेल तर ते पगार म्हणून दाखवता येत नाही, ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही आणि आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-४ की ३ हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. इथे पहिल्या वर्षी जाणकार कर सल्लागाराला फी देणं परवडतं. पुढच्या वर्षी तोच नमुना बघून स्वतः भरता येईल.

पॅन आणि आधार जोडलेले आहेत का, तेही याच वेळी बघा. पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस चढ्या दराने, बहुधा २० टक्क्यांनी कापला जातो आणि रिफंडही मिळत नाही.

टीडीएस कापलाच जाऊ नये यासाठी बँकेत घोषणापत्र देता येतं. २०२५-२६पर्यंत ते साठीच्या आतल्यांसाठी १५जी आणि त्यापुढच्यांसाठी १५एच या नावाने होतं. २०२५-२६मध्ये बँका व्याज ५० हजारांच्या वर गेल्यावर (ज्येष्ठांसाठी एक लाखाच्या वर) कर कापत होत्या. ज्येष्ठांसाठी अट एकच: रिबेट धरून अंदाजे कर शून्य हवा. साठीच्या आतल्यांसाठी दुसरीही अट आहे: व्याजासारखं हे उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत हवं. घोषणापत्र एप्रिलमध्येच दिलेलं चांगलं, कारण एकदा कापलेला कर बँक परत देत नाही.

पायरी ६: थकबाकी मिळाली असेल तर आधी फॉर्म १०ई

सरकारी, निमसरकारी, महापालिका कर्मचारी आणि अनुदानित शाळांतले शिक्षक यांच्यासाठी ही पायरी सगळ्यात मोलाची आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षितही. वेतन आयोगाचा फरक, न्यायालयीन निकालानंतरची पगारवाढ, उशिरा मंजूर झालेली वेतनश्रेणी, असा मागच्या वर्षांचा पैसा एकाच वर्षात आला की ती रक्कम या वर्षाच्या उत्पन्नात जाते आणि बारा लाखांचं रिबेट उडवते. कलम ८९ त्यावर उतारा आहे.

उदाहरण घ्या. नेहमीचं एकूण उत्पन्न ११,८०,०००. यंदा २०२१-२२ सालची १,५०,००० थकबाकी मिळाली. एकूण १३,३०,०००. कर ७९,५००, सेससह ८२,६८०. थकबाकी नसती तर कर शून्य. म्हणजे थकबाकीमुळे बोजा पडला ८२,६८०चा, मिळालेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त.

आता २०२१-२२कडे वळा. त्या वर्षी जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ७ लाख होतं असं धरू. कर सेससह ५४,६००. थकबाकी तेव्हाच मिळाली असती तर साडेआठ लाखांवर ८५,८००. फरक ३१,२००. दोन्ही फरकांतलं अंतर ५१,४८०, हीच कलम ८९ची सवलत. शेवटी भरायचे फक्त ३१,२००.

कृती अशी. आस्थापनेकडून थकबाकी कोणत्या वर्षाची किती, याचं लेखी विवरण घ्या. त्या-त्या वर्षांची जुनी रिटर्न काढा. पोर्टलवर ई-फाइल, मग इन्कम टॅक्स फॉर्म्स, त्यात फॉर्म १०ई. योग्य आकारणी वर्ष निवडा (थकबाकी मिळाली त्या वर्षाचं, ज्या वर्षाची आहे त्याचं नव्हे), तक्ता भरा आणि फॉर्म सादर करा. रिटर्न त्यानंतर. १०ई न भरता रिटर्नमध्ये सवलत मागितली तर ती नाकारली जाते. क्लार्कने फॉर्म १६मध्ये सवलत आधीच दाखवली असली, तरीही १०ई तुम्हालाच भरायचा आहे.

पायरी ७: रिटर्न भरा आणि पडताळणी करा

पगार, पेन्शन, व्याज आणि घरभाडं एवढंच असेल आणि एकूण ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१ ‘सहज’. सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन शेअर नफाही आता त्यात बसतो. अल्पकालीन नफा किंवा पाच हजारांवर शेती असेल तर आयटीआर-२. ठोक अंदाजाने व्यवसायाचं उत्पन्न दाखवणाऱ्यांसाठी आयटीआर-४ ‘सुगम’.

फॉर्ममध्ये बरीच माहिती आधीच भरलेली येते. ती बरोबरच असेल असं धरू नका. पायरी १च्या कागदाशी ताडून बघा. कर गणनेच्या पानावर ‘रिबेट ८७-ए’ हा रकाना असतो, तो आपोआप भरतो. तिथे शून्य आलं तर तीन गोष्टी तपासा: निवासी स्थिती चुकून अनिवासी झाली आहे का, प्रणाली जुनी निवडली गेली आहे का, आणि एकूण उत्पन्न बाराच्या वर गेलं आहे का.

काही कर देणं निघालं तर ‘ई-पे टॅक्स’मधून सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००) म्हणून भरा, चलनाचा तपशील रिटर्नमध्ये आला का पाहा आणि मगच सादर करा. रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्या. खात्यावरचं नाव पॅनप्रमाणे हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींचे रिफंड इथेच अडकतात.

सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत पडताळणी करायची, आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगमधून. ती राहिली तर तुम्ही रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

मुदत पगारदारांसाठी साधारणपणे ३१ जुलै असते, त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह. आणि शून्य कर म्हणजे रिटर्नची गरज नाही, असं अजिबात नाही. वजावटींआधीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरणं बंधनकारक आहे. आठ लाख उत्पन्न, कर शून्य, पण रिटर्न ऑगस्टमध्ये भरलं तर ५ हजार रुपये विलंब शुल्क. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर ते १ हजार.

त्यानंतर

काही दिवसांत किंवा आठवड्यांत कलम १४३(१)ची सूचना ई-मेलवर येते. तिच्यात दोन रकाने शेजारी-शेजारी असतात: तुम्ही दाखवलेले आकडे आणि विभागाने मानलेले. रिबेट, टीडीएस आणि कलम ८९ या तीन ओळी बघा. तफावत असेल आणि चूक त्यांची असेल तर पोर्टलवरूनच कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करा, २६एएसची प्रत सोबत हाताशी ठेवून. चूक तुमची असेल तर सुधारित रिटर्न भरा. रिफंडसाठी लिंक दाबा, ओटीपी द्या असा एसएमएस आला तर तो विभागाचा नाही. रिफंड थेट खात्यात येतो. मंजूर झालेल्या रिफंडवर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि ते व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं.